ऐकलं नाहीस हो

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी मला लवंगी मिरची म्हणत. कचेरीत पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही. सरकारी कचेरीत मी सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर काढली. कागद आला की आवक नंबर, बाहेर गेला की जावक नंबर. एकदा जावक नंबर पडून टपाल गेलं की साहेबालासुद्धा ते परत घेता येत नाही. कागदाच्या बाबतीत हे मला झोपेतही माहीत होतं. बोलण्याच्या बाबतीत कळायला मात्र निवृत्त व्हावं लागलं.

इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहायचो, मी आणि माझ्या सासूबाई. यजमानांना जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण आमच्याकडे तलवार एकच होती. सासूबाई म्यान होत्या.

हा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांत केली होती. पंचवटीतल्या गुरुजींनी वास्तूची छोटी प्रतिमा स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात, एक फरशी उचलून खाली ठेवली आणि वरून सिमेंट लिंपून घेतलं. मी तेव्हाही गप्प बसले नव्हते. "म्हणजे आमचा वास्तुपुरुष खालच्यांच्या छतात राहणार की!" असं म्हणाले होते. गुरुजी हसले, यजमान हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांच्यासाठी त्या दिवसापासून त्या कोपऱ्यात कोणीतरी राहायला आलं होतं.

वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं असतं. घरात वाईट बोलू नये, कोणत्या घटकेला तथास्तु पडेल सांगता येत नाही. सासूबाई त्याप्रमाणे जगायच्या. आमच्या घरात साखर कधी संपली नाही, ती 'उदंड झाली'. बांगडी फुटली नाही, 'वाढवली'. दिवा विझला नाही, 'शांत झाला'. आणि दारातून बाहेर पडताना कोणी 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. भाजी आणायला कोपऱ्यावर गेल्या तरी त्या उंबऱ्यात थांबून "येते गं" म्हणायच्या, आणि मी हुं म्हणेपर्यंत पाय बाहेर टाकायच्या नाहीत.

माझ्या बोलण्यावर त्यांनी एक उपाय काढला होता. पाल चुकचुकली की आपण जमिनीवर बोटं वाजवून कृष्ण कृष्ण म्हणतो, तसाच काहीसा. मी "जळलं मेलं ते मिक्सर" किंवा "आग लागो या टँकरवाल्याला" असं काही बोलले की त्या असतील तिथून उठायच्या, आग्नेय कोपऱ्यात जायच्या, भिंतीवर उजव्या हाताच्या मुठीनं दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "ऐकलं नाहीस हो." मग माझ्याकडे वळून, "शुभ बोल गं, बाई."

दिवसाकाठी पाच-सात वेळा तरी हे व्हायचं. गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या, जायच्या, वाजवायच्या. एवढी ऐंशी वर्षांची बाई माझ्या जिभेमागे झाडू घेऊन फिरायची आणि मला त्याचं हसू यायचं. शेवटी शेवटी रागही यायचा. आपल्याच घरात आपलं प्रत्येक वाक्य कोणी पुसून काढत असेल तर राग येणारच.

त्या उन्हाळ्यात एकदा त्या कोपऱ्यातून परत येताना धापा टाकत होत्या. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता तूच वाजवायला शीक. ज्याचं त्यानं वाजवावं. मी आणखी किती दिवस पुरणार?"

"मी नाही असले खेळ करायची," मी म्हणाले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते झालं. दुपारचे बारा वाजले होते. पाणी आलं नव्हतं, कामवाली आली नव्हती, आणि दूध उतू जाऊन गॅसवर सांडलं होतं. मी म्हणाले, "मसणात जावो हे घर." सासूबाई उठल्या, वाजवलं, "ऐकलं नाहीस हो," आणि माझ्याकडे वळून त्यांचं ते "शुभ बोल गं, बाई."

मी हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. म्हणाले, "तुमचं तोंड एकदाचं बंद होईल तर बरं!"

त्यांचा हात परत भिंतीकडे गेला. अर्ध्यावर गेला आणि थांबला. तो हात मला अजून दिसतो. त्यांनी तो हळूच खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. कशाची ते मला कळलं होतं. मी कळलं नसल्यासारखं केलं आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला निघून गेले. पहिल्यांदाच त्या घरात एक वाक्य तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी तोंडाला लावताना चहा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून पदरावर सांडायला लागला. मी "आई, अहो काय हे" म्हणत पुसायला गेले. त्यांचा उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबला. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही.

रुग्णवाहिका द्वारकेच्या चौकात अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, भोंगा वाजतोय आणि कोणी हलत नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, 'संपलं आता सगळं.' आयुष्यात पहिल्यांदा मी जिभेवर आलेलं वाक्य गिळलं. सासूबाई स्ट्रेचरवरून माझ्याकडे एकटक पाहत होत्या.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळे म्हणाले, तुम्ही वेळेवर आणलंत, तुमच्यामुळे वाचल्या. मुलगी बंगळुरूहून धावत आली, माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, तू होतीस म्हणून." मी तिला काही सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. ते वाक्य आम्हा सासू-सुनेलाच माहीत होतं, आणि दोघींपैकी एकीला आता बोलता येत नव्हतं.

दवाखान्यात बारा दिवस त्यांनी एक अक्षर उच्चारलं नाही. घरी आणलं, मुलीची रजा संपली, ती परत गेली. त्या दुपारी मी कुकर लावत होते. सासूबाईंना चाकांच्या खुर्चीत बसवून स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं होतं, नजरेसमोर असाव्यात म्हणून. मी स्वतःशीच पुटपुटले, "आता या घरात माझ्याशी बोलायला कोणी राहिलं नाही."

मागून आवाज आला. स्वच्छ, ठणठणीत, कुठेही न अडखळता.

"तथास्तु."

मी वळले. त्या माझ्याकडे पाहतही नव्हत्या. त्या आग्नेय कोपऱ्याकडे पाहत होत्या.

वाचेचे व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायची. तिनं समजावून सांगितलं, "काकू, असं होतं कधीकधी. सगळे शब्द जातात आणि एखादाच मागे राहतो. पेशंट प्रत्येक गोष्टीला तोच शब्द बोलतात. एक आजोबा होते, ते सारखं 'सोमवार' म्हणायचे. तो शब्द त्यांनी निवडलेला नसतो. घाबरू नका."

"आजी, बरं वाटतंय ना?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"तथास्तु," सासूबाई म्हणाल्या.

ती हसली. मलाही हसायला हवं होतं. पण सोमवार राहणं वेगळं आणि हे वेगळं. मी त्या बाईचं तोंड बंद होवो म्हणाले होते. ते बंद झालं, आणि आत फक्त तेवढंच राहिलं ज्यानं ते बंद केलं होतं.

मी देवभोळी नाही. नवरा गेल्यापासून देवाशी माझं बोलणं कामापुरतंच होतं. तरी सांगते, त्या घरात राहून बघा. तुम्ही म्हणता, "या कुकरचं काही खरं नाही," आणि खुर्चीतून आवाज येतो, तथास्तु. संध्याकाळी कुकरची शिट्टी उडते. फोनवर मुलीला म्हणता, "तुला कुठली दिवाळीची सुट्टी मिळायला!" तथास्तु. आठ दिवसांनी तिचा फोन येतो, रजा नामंजूर. कुकर जुना होता आणि मुलीचा साहेब खडूस होता, हे मला कळत होतं. तरी पुढचं वाक्य बोलायच्या आधी मी खुर्चीकडे बघून घ्यायचे.

मी बोलणं कमी केलं. मग कळलं, न बोलूनही भागत नाही, कारण वाचेच्या मुलीनं सांगून ठेवलं होतं की दिवसभर त्यांच्याशी बोलायचं, सोपी वाक्यं, सावकाश. त्यांच्या कानावर शब्द पडले तरच ते परत येतील. म्हणजे बोलायचं तर होतंच, आणि बोललेलं प्रत्येक वाक्य मंजूर होणार होतं. मग मी प्रत्येक वाक्य आधी मनात लिहायला लागले. खाडाखोड करायची, वाचून बघायचं, आणि मगच पाठवायचं. 'आज पण बाई आली नाही' याच्याऐवजी 'उद्या बाई येईल.' तथास्तु. 'माझी कंबर मोडली' याच्याऐवजी 'आता जरा पडते, बरं वाटेल.' तथास्तु. 'हे औषध काही लागू पडत नाही' हे तर गळ्यातच दाबलं आणि म्हणाले, 'आई, तुमची बोटं आज कालच्यापेक्षा गरम आहेत.' तथास्तु. आणि खरंच हात लावून पाहिला तर गरम होता.

लोक म्हणतील, बघा, कशी सुधारली. सुधारले वगैरे काही नाही. चांगलं बोलायला लागले ते भीतीपोटी. पण एक गोष्ट खरी, चांगलं वाक्य शोधायचं तर आधी चांगलं काही तरी दिसावं लागतं, आणि ते शोधत मी घरभर पाहायला लागले. कुंडीतल्या गवती चहाला फुटवा आलेला, सासूबाईंनी डाव्या हातानं धरलेला चमचा. इतकी वर्षं मी हे घर पाहिलंच नव्हतं, फक्त त्याला नावं ठेवत होते.

आमच्या बरोबर खाली चांदवडकडची एक बाई राहते. नवऱ्याचा कांद्याचा व्यापार, तोंडानं फटकळ, मनानं मोकळी. ती एकदा सासूबाईंना बघायला आली आणि तिनं तो शब्द ऐकला. तिला तर घबाडच सापडलं. "आज्जी, माझं गुडघं बरं होऊ द्या, औंदा मला वणीचा गड पायऱ्यांनी चढायचाय."

"तथास्तु."

"अगं बया!" तिनं मला कोपरानं ढोसलं. "लय भारी हे. तुमच्या घरात देवी बसलीय आन तुम्ही मख्खासारख्या उभ्या!"

मी चहा टाकायला आत गेले. ती मागोमाग आली आणि सहज म्हणाली, "आता बरं हाय ना आज्जीला? दुपारचं उठून वाजवती म्हणजे हिंडती-फिरती असंल थोडी."

"काय वाजवतात?"

"ते नाय का, टक टक. दोनदा. आमच्या किचनच्या वर, या कोपऱ्यात." तिनं बोट दाखवलं ते आग्नेय कोपऱ्याकडे. "पहिल्यापासून येतो तो आवाज. मधे आज्जी दवाखान्यात व्हती तवा बी यायचा. म्हटलं तुम्ही वाजवत असाल."

दुधावर साय धरली होती, ती बाजूला सारत राहिले. सासूबाई दवाखान्यात असताना मी आणि मुलगीही दवाखान्यातच होतो. बारा दिवस घराला कुलूप होतं.

त्यानंतर मी त्या कोपऱ्यात जायचं टाळायला लागले. तिथं पिठाचा डबा होता, तो इकडे आणला. भर दुपारी, रस्त्यावर भंगारवाला ओरडत असताना, बाहेर लख्ख ऊन असताना, मला त्या दोन हात जागेची भीती वाटायची. आवाज मी स्वतः कधीच ऐकला नाही. पण तो येतो आहे आणि माझ्यापर्यंत पोचत नाही, हे जास्त वाईट होतं. कोणीतरी माझं काहीतरी पुसायचा प्रयत्न करतंय आणि ते पुसलं जात नाहीये, असं मला वाटायचं.

गडावरून खालची बाई आली ती थेट आमच्याकडे. पायऱ्यांनी चढली होती. सासूबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर पेढा ठेवला आणि मला म्हणाली, "मी मागितलं, मला भेटलं. तुम्ही काय मागितलं वो आज्जीकडं?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

"कमाल हे तुमची! दिवसभर तिच्यासंग असता आन काहीच नाय मागितलं?"

ती गेली. सासूबाई पेढा चघळत होत्या. मी दारातच उभी राहिले. मागायचं काय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मागितलं नाही, कारण आधी ते वाक्य पुन्हा उच्चारावं लागणार होतं, आणि त्याच्यावर पुन्हा तथास्तु पडला तर? आणि दुसरीही भीती होती. मी माफी मागेन, त्या तथास्तु म्हणतील, आणि त्याला काही अर्थच नसेल. कुकरला म्हणतात तसंच मला म्हणतील.

मी खुर्ची ढकलत स्वयंपाकघरात नेली. आग्नेय कोपऱ्यात, भिंतीला लागून उभी केली. समोर जमिनीवर बसले.

"आई," मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले, तुमचं तोंड एकदाचं बंद होईल तर बरं. मी तसं म्हणाले. ते दुधावरून म्हणाले, पाण्यावरून म्हणाले, तुमच्यावरून नव्हतं. नाही, तुमच्यावरूनही होतं. मला तुमचा कंटाळा आला होता. तुम्ही वाट बघितलीत आणि मी निघून गेले. मला माफ करा."

मी डोळे मिटले आणि तो शब्द यायची वाट पाहिली.

आला नाही. इतक्या महिन्यांत माझ्या एकाही वाक्याला तो चुकला नव्हता. मी वर पाहिलं. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या, त्याच दिवसासारख्या, वाट पाहत. मग त्यांनी डावा हात पुढे केला, माझं मनगट पकडलं. त्या हातात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी माझा हात भिंतीपर्यंत नेला, माझी बोटं अंगठ्यानं दाबून मूठ मिटवली, आणि माझ्या मुठीनं भिंतीवर वाजवलं. एकदा. पुन्हा एकदा.

मग माझं मनगट न सोडता त्यांनी ओठ हलवले. "ऐ," त्या म्हणाल्या. "ऐ... ऐ..." पुढे जमेना. घाम फुटला त्यांना.

ज्याचं त्यानं वाजवावं. मला एकदम रडू आलं. नाक ओढत मी भिंतीला म्हणाले, "ऐकलं नाहीस हो."

सासूबाईंनी मनगट सोडलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

तो शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही. दोन दिवस त्या पूर्ण गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला तर म्हणाल्या, "साखर." मी म्हणाले, "साखर उदंड झाली आई, आणते." त्या तोंड वाकडं करून हसल्या. वाचेच्या मुलीनं तिच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि व्यायामाला यश आलं म्हणाली. मी तिला दुजोरा दिला. व्यायाम तर आम्ही केलेच होते. शब्द येत राहिले, पाच-पंचवीस: पाणी, बस, अगं, उकडतंय. खालच्या बाईला मी एकदा विचारलं, आवाज येतो का अजून? ती म्हणाली, "नाय बा, आता तुमचा येतो तेवढाच."

कारण मी वाजवते. अजूनही तिखट वाक्य निसटतं, जन्माची खोड ती. निसटलं की उठते, कोपऱ्यात जाते, दोनदा वाजवते. गुडघे आता माझे दुखतात. पिठाचा डबा परत जागेवर गेला आहे.

त्या थंडीत सासूबाईंना पुन्हा त्रास झाला. या वेळी श्वासाचा. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. लिफ्टमध्ये ते बसेना म्हणून त्यांनी सासूबाईंना खुर्चीतच उचललं. उंबऱ्याशी आल्यावर त्यांनी डाव्या हातानं दाराची चौकट धरली. माणसं म्हणाली, आजी, हात सोडा. त्या सोडेनात. मला समजलं. मी आतून धावत गेले आणि समोर उभी राहिले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाल्या, "येते गं."

आतापर्यंत मी त्याला नुसतं हुं म्हणत आले होते. त्या दिवशी दुसराच शब्द जिभेवर आला, तो मी आधी मनात लिहून पाहिला, एकदा वाचला, आणि मग मोठ्यानं म्हणाले,

"तथास्तु."